तिकीट एकदाच चालावं म्हणून

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झाली आणि रक्कम रोख हातात पडली, की पेढीवरचा दिवाणजी पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून पुढे सरकवतो. "सही तिकिटावरनं घ्या," एवढंच सांगतो. मग सहीचा अर्धा भाग तिकिटावर येतो आणि अर्धा कागदावर. पाच हजारांच्या वरच्या पावतीला हे तिकीट लागतं. ते कसं बाद करायचं हे १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्याच्या १२ व्या कलमात सांगितलं आहे. तिकीट पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने त्यावर नाव किंवा आद्याक्षरं लिहायची आणि खरी तारीख घालायची. सही सगळे करतात, तारीख मात्र बहुतेक जण विसरतात.

कागदाच्या चिमुकल्या तुकड्याला पैशाची किंमत आली, की त्याच्यामागे दोन प्रकारचे लोक लागतात. काही जण नवं तिकीट छापतात, तर काही जण जुनं धुऊन पुन्हा लावतात. या दोघांना एकच इलाज चालत नाही. छापणाऱ्याला अडवायचं तर नक्कल अवघड करावी लागते. धुणाऱ्याला अडवायचं तर तिकीट मुद्दाम नाजूक ठेवावं लागतं, म्हणजे पाणी लागलं किंवा सोलायला गेलं की ते खराब व्हायला हवं. अलीकडे जर्मनी आणि ब्रिटनच्या तिकिटांवर चौकोनी कोड आले, तेव्हा हे सगळं संगणकाच्या काळातलं आहे असं अनेकांना वाटलं. पण प्रत्येक तिकिटाला स्वतःची ओळख द्यायची कल्पना जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाइतकीच जुनी आहे.

ते तिकीट म्हणजे ६ मे १८४० पासून चालू झालेलं 'पेनी ब्लॅक'. एका तावात २४० तिकिटं असत, बारा-बाराच्या वीस ओळी. एक पेनीला एक, म्हणजे अख्खा ताव तेव्हाच्या २४० पेनींच्या एका पौंडाला. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक इंग्रजी अक्षर होतं. डावीकडचं ओळीचं, उजवीकडचं त्या ओळीतल्या जागेचं. पहिलं तिकीट 'ए-ए', शेवटचं 'टी-एल'. त्यामुळे एका तावातली कुठलीही दोन तिकिटं सारखी नव्हती. कुणी चोरून एकच ठसा कोरला, तर त्याच्या सगळ्या तिकिटांवर तीच जोडी येईल आणि टपालात ती उघडी पडेल, असा हिशेब होता. शिवाय राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्यामागे यंत्राने कोरलेली बारीक नक्षी होती आणि कागदात मुकुटाचा वॉटरमार्क. चेहराही विचार करूनच निवडला होता, कारण ओळखीच्या चेहऱ्यात किंचित फरक पडला तरी माणसाच्या डोळ्याला तो लगेच खटकतो.

छापणाऱ्यांची एवढी काळजी घेतली, पण धुणारे राहून गेले. काळ्या तिकिटावर लाल शाईचा शिक्का मारायचे. ही लाल शाई पुसता येते, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आलं. फेब्रुवारी १८४१ मध्ये तिकीटच तांबडं केलं आणि शिक्क्याची शाई काळी. जगातलं पहिलं टपाल तिकीट वर्षाच्या आत बदलावं लागलं, ते फेरवापराच्या धास्तीने. पुढे लोकांनी आणखी एक युक्ती काढली. दोन वापरलेल्या तिकिटांचे शिक्का न लागलेले भाग कापून जोडायचे आणि त्यांचं एक 'कोरं' तिकीट करायचं. त्यावर उपाय म्हणून १८५८ पासून अक्षरं चारही कोपऱ्यांत आली. खाली जी जोडी, तीच वर उलट क्रमाने. वरचा तुकडा एका तिकिटाचा आणि खालचा दुसऱ्याचा असेल तर अक्षरं जुळायचीच नाहीत.

या कोपऱ्यातल्या अक्षरांची खरी परीक्षा झाली ती लंडनच्या शेअर बाजारात. तिथल्या तार कचेरीत १८७२ साली एक शिलिंगाची हिरवी बनावट तिकिटं सर्रास वापरली गेली. तारेच्या फॉर्मवर तिकीट लावायचं काम खिडकीआडच व्हायचं आणि फॉर्म कचेरीतच राहायचा. म्हणजे ते तिकीट बाहेरच्या माणसाच्या हाती कधी पडतच नसे. आतल्याच कुणाचा तरी हात असल्याशिवाय हे जमणं कठीण, पण कोणी पकडलं गेलं नाही. फॉर्म पुढे नष्ट व्हायचे होते. त्यातले काही रद्दीच्या वाटेने बाहेर आले, आणि १८९८ मध्ये चार्ल्स निसेन या तिकीट व्यापाऱ्याच्या नजरेला विसंगती दिसली. तिकिटांत वॉटरमार्क नव्हता, आणि काहींवर खऱ्या तावावर येऊच शकणार नाहीत अशा अक्षरांच्या जोड्या होत्या. २६ वर्षं ही अक्षरं तिकिटावर होती, सांगायचं ते सांगत होती, पण ती वाचायला कुणी बसलं नव्हतं. या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खूण कितीही हुशारीने घातलेली असो, रोजच्या कामात ती तपासणारं कुणी नसेल तर तिचा उपयोग चोर निसटून गेल्यावरच होतो.

धुणाऱ्यांविरुद्धच्या लढाईत छापखान्यांनी रसायनं आणली. लंडनच्या 'दे ला रू' कंपनीने पाणी किंवा रसायन लागलं की फुटणाऱ्या शाया वापरल्या. कागदाला खडूसारखा थर देऊन छपाई केली, म्हणजे शिक्का पुसायला जावं तर चित्रच निघून येईल. अमेरिकेने १८६७ पासून तिकिटांवर बारीक टोकांची जाळी दाबून कागदाचे तंतूच फोडले, म्हणजे शिक्क्याची शाई आत मुरावी. त्यातल्या 'झेड' नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळीच्या एक सेंटच्या तिकिटाच्या जगात दोनच प्रती माहीत आहेत. स्पेनने वेगळाच मार्ग धरला. १८५० नंतरची काही वर्षं त्यांनी दरसाल तिकीटच बदललं, म्हणजे बनावटवाल्याचा ठसा तयार होईपर्यंत जुनं तिकीट बाद झालेलं असे.

आपल्याकडच्या तिकिटांच्या कथेत साताऱ्याचा एक धागा आहे. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज १८४८ मध्ये वारले आणि १८४९ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं. त्या काळात साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता बार्टल फ्रिअर. १८५० साली तो सिंधचा कमिशनर म्हणून गेला, आणि तिथे १ जुलै १८५२ ला त्याने 'सिंध डाक' तिकिटं चालू केली. अर्ध्या आण्याची ही गोल तिकिटं आशियातली पहिली मानली जातात. नक्षी छापलेली नसून दाबून उठवलेली होती. एक प्रकार लाखेच्या पातळ लाल चकतीवर होता. तो हाताळताना तुटायचा, म्हणून आज त्याची धड प्रत सापडणं म्हणजे भाग्य. सातारचं राज्य खालसा करणाऱ्या डलहौसीच्याच कारकिर्दीत १८५४ चा टपाल कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर लागू झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. ही तिकिटं कलकत्त्यात सर्वेक्षण खात्याच्या छापखान्यात कॅप्टन थुलियरच्या देखरेखीखाली दगडी शिळेवर छापली गेली. कागदात कंपनीच्या मुद्रेचा वॉटरमार्क होता, पण कोपऱ्यात अक्षरं नव्हती. लवकरच छपाई लंडनला 'दे ला रू'कडे गेली आणि १९२६ मध्ये नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये परत आली.

तारेच्या तिकिटांबाबत मात्र भारतात फार चांगली व्यवस्था होती. १८६० च्या दशकातली ही तिकिटं लांबोडकी, एकाखाली एक राणीचे दोन मुखवटे असलेली. वरचा अर्धा भाग कापून पावतीसोबत गिऱ्हाइकाला द्यायचा, खालचा तारेच्या फॉर्मवर राहायचा. म्हणजे वापरतानाच तिकिटाचे दोन तुकडे व्हायचे.

कोर्ट फी स्टॅम्पचा नियम तर त्याहून कडक. १८७० च्या कोर्ट फी कायद्याचं ३० वं कलम सांगतं, की तिकिटावरचं मुखचित्र पंच करून काढून टाकायचं, किंमतीचा आकडा शाबूत ठेवायचा आणि निघालेला तुकडा जाळायचा किंवा नष्ट करायचा. जुन्या वकिलांच्या दप्तरात असे कागद अजून सापडतात. चेहऱ्याच्या जागी स्वच्छ गोल भोक असतं आणि त्यातून मागच्या पानावरची मोडी किंवा बाळबोध ओळ दिसते. आपल्या भागात सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशा संस्थानांचे स्वतःचे कोर्ट फी स्टॅम्प होते, त्यामुळे या दप्तरांचं मोल आणखी वाढतं. ती रद्दीत घालू नयेत, अशी कळकळीची विनंती.

साध्या टपाल तिकिटाला असं भोक पाडता येत नाही. तिथे सगळी भिस्त शाईच्या शिक्क्यावर. त्यावर आपल्याकडची युक्ती म्हणजे तिकिटावर आधीच खळीचा किंवा डिंकाचा पातळ थर द्यायचा. शिक्का त्या थरावर बसतो, पत्र घेणारा तिकीट पाण्यात टाकतो, थरासकट शिक्का निघून जातो आणि तिकीट पुन्हा उत्तराच्या पाकिटावर चढतं. चार पैसे वाचवायचा हा उद्योग निरुपद्रवी वाटतो, पण १८६० च्या दंड संहितेत वापरलेलं तिकीट जाणूनबुजून पुन्हा वापरल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत आणि त्यावरची वापराची खूण पुसल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होती. बनावट तिकीट करणाऱ्याला तर जन्मठेपेपर्यंत. नव्या भारतीय न्याय संहितेतही हे गुन्हे आहेतच.

आता पुन्हा ब्रिटनकडे. तिथे १९८९ पासून किंमत न छापता फक्त 'पहिला वर्ग', 'दुसरा वर्ग' असं लिहिलेली तिकिटं आली. दर वाढला तरी ती चालतात, त्यामुळे धुतलेलं तिकीट साठवून ठेवणं फायद्याचं झालं. फेब्रुवारी २००९ मध्ये राणी एलिझाबेथच्या चेहऱ्याच्या नेहमीच्या तिकिटांना वक्र चिरा दिल्या गेल्या, म्हणजे सोलायला गेलं की तिकीट फाटावं. वरून चमकणाऱ्या शाईत 'रॉयल मेल' हे शब्द नागमोडी छापले, आणि त्या शब्दांतल्या एखाद्या अक्षराच्या जागी गुप्त अक्षर घातलं. 'बी' असेल तर व्यावसायिक ताव, 'टी' असेल तर बारा तिकिटांची पुस्तिका, 'एस' असेल तर सहाची. २०१० पासून सालाचे आकडेही त्यातच आले. तिकीट तिरकं धरून भिंगाखाली पाहिलं की ते वाचता येतं.

यातली अडचण ओळखीचीच होती. ही अक्षरं संग्राहकांनी बारकाईने वाचली, टपाल छाटणाऱ्याला तेवढा वेळ कुठला? म्हणून वाचायचं काम यंत्राकडे गेलं. जर्मनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणि ब्रिटनने चाचणी घेऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये, प्रत्येक तिकिटावर वेगळा कोड छापायला सुरुवात केली. कोड एकदा यंत्राने टिपला की तिकीट खर्ची पडलं, मग शिक्का उमटो वा न उमटो. ब्रिटनमध्ये बिनकोडाची नेहमीची तिकिटं ३१ जानेवारी २०२३ नंतर बाद ठरली, सवलतीची मुदत जुलैअखेरपर्यंत. पण त्यानंतर बनावट ठरलेल्या तिकिटाचे पाच पौंड पत्र घेणाऱ्याकडून वसूल होऊ लागले, आणि तिकिटं रीतसर विकत घेतली होती असं सांगणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. २०२४ मध्ये तो दंड थांबवावा लागला आणि लोकांना स्वतः कोड तपासता येईल अशी सोय करावी लागली. आधी दंड, मग तपासणीची सोय, हा क्रमच चुकला होता. ज्याने तिकीट विकत घेतलं नाही, त्याला भुर्दंड बसावा हे न्यायाचं नव्हे.

आपल्याकडे ही पाळी टपाल तिकिटांपेक्षा आधी स्टॅम्प पेपरवर आली. अब्दुल करीम तेलगी हा खानापूरचा, विट्याजवळच्या नव्हे, बेळगावच्या. नाशिकच्या प्रेसमधून बाद झालेली यंत्रं मिळवून त्याने बनावट मुद्रांक बाजारात आणले. २००१ मध्ये तो पकडला गेला. सरकारी यंत्रंच हाती लागल्यावर कागद आणि शाईच्या गुपितांना काय अर्थ उरतो? त्यानंतर भर छापील कागदावरून क्रमांक आणि नोंदीकडे सरकला.

आज साताऱ्यात किंवा सांगलीत जमिनीचं खरेदीखत करताना मुद्रांक शुल्क बहुधा ऑनलाइन चलनाने भरतात. चलनाला जीआरएन क्रमांक मिळतो, आणि दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक कार्यालयात ते चलन डिफेस होतं, म्हणजे त्या रकमेचा वापर झाल्याची नोंद होते. खरेदीदाराने इथे एक गोष्ट नीट बघावी. चलन भरलेलं असणं आणि डिफेस झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरलेलं पण डिफेस न झालेलं चलन अजून खर्ची पडलेलं नसतं. म्हणून एजंटाने नुसती भरल्याची पावती दाखवली तर तेवढ्यावर थांबू नये. नोंदणी झालेल्या दस्ताच्या पानांत जीआरएन, डिफेस क्रमांक, तारीख आणि रक्कम या चारही गोष्टी छापलेल्या असतात, त्या आपल्या पावतीशी ताडून मगच कार्यालयाबाहेर पडावं.