झिजलेल्या नाण्यांवरील टांकसाळ-चिन्हांची ओळख

नाणे कोणत्या टांकसाळीत पडले हे सांगणारे, नाण्यावरच उमटवलेले अक्षर, ठिपका किंवा लहानशी आकृती म्हणजे टांकसाळ-चिन्ह. एकाच वर्षी, एकाच मूल्याची नाणी दोन टांकसाळींत पडली असतील, तर एकीचे नाणे विपुल आणि दुसरीचे दुर्मीळ असू शकते. अशा वेळी सगळा निवाडा या तांदळाच्या कणीएवढ्या खुणेवर येऊन ठेपतो. नव्या कोऱ्या नाण्यावर ती सहज वाचता येते. पण हजारो हातांतून फिरून गुळगुळीत झालेल्या नाण्यावर ती ओळखणे हे नाणेसंग्रहातले एक स्वतंत्र कसब आहे.

चिन्हामागचा मूळ हेतू उत्तरदायित्वाचा होता. वजनात किंवा धातूच्या कसात खोट निघाली, तर दोषी टांकसाळ सापडली पाहिजे. प्राचीन कोरिंथ या ग्रीक नगराच्या चांदीच्या नाण्यांवर पंखांच्या घोड्याखाली ‘कोप्पा’ हे नगराच्या नावाचे आद्याक्षर असे. त्याच घडणीची नाणी पाडणाऱ्या कोरिंथच्या वसाहती तेथे आपापले अक्षर घालत. फ्रान्समध्ये १३८९ पासून कडेच्या मजकुरातील, त्या त्या टांकसाळीसाठी ठरलेल्या क्रमांकाच्या अक्षराखाली ठिपका देण्याची पद्धत होती, आणि १५४० मध्ये राजा पहिल्या फ्रान्सिसच्या काळात टांकसाळींना अक्षरे नेमून देण्यात आली. पॅरिसला ‘ए’ मिळाले. ठिपक्याच्या पद्धतीत ठिपका कसा आहे यापेक्षा तो कोठे आहे याला महत्त्व होते. झिजलेले नाणे वाचताना हेच सूत्र सर्वांत उपयोगी पडते : आधी जागा, मग आकार.

झीज सर्वत्र सारखी होत नाही. चेहऱ्याचे गाल, केस, पक्ष्याची छाती असे उंच भाग आधी जातात. उंच कडेच्या आडोशाला किंवा दोन आकृत्यांच्या बेचक्यात असलेली खूण टिकून राहते. अमेरिकेच्या १९१३ ते १९३८ मधील बायसनच्या (अमेरिकी रानगव्याच्या) छापाच्या पाच सेंटच्या नाण्यावर वर्षाचे आकडे उंचवट्यावर असल्याने लवकर पुसले जातात, पण मागील बाजूस तळाशी असलेले टांकसाळ-अक्षर अनेकदा शाबूत असते. म्हणून त्या नाणेप्रकारात चिन्ह कोठे असायला हवे हे नाण्यांच्या सूचीतून (कॅटलॉगमधून) आधी पाहावे आणि मगच भिंग उचलावे. त्या वर्षी कोणकोणत्या टांकसाळी चालू होत्या हेही पाहावे, कारण त्यामुळे पर्याय पटकन कमी होतात. पश्चिम जर्मनीच्या नाण्यांवर डी (म्युनिक), एफ (श्टुटगार्ट), जी (कार्ल्सरूह) आणि जे (हॅम्बुर्ग) ही चारच अक्षरे येतात. तेथे गोलसर डाग दिसला, तर प्रश्न डी की जी एवढाच उरतो.

अक्षराचा आतला भाग घाण साचून किंवा धातू दबून भरून येतो, म्हणून बाहेरची रेषा पाहावी. ‘डी’ची डावी बाजू सरळ उभी असते, ‘ओ’ची दोन्हीकडून वळलेली, तर ‘एस’ कंबरेत आत गेलेला असतो. आकृत्यांचे कोपरे आधी जातात. भारतीय नाण्यांवर मुंबईचा चौकट-हिरा आणि हैदराबादचा तारा झिजला की दोन्ही ठिपक्यासारखे दिसू लागतात, आणि ठिपका तर नोएडाची खूण. परंतु नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या वर्षाच्या नाण्यावर नोएडाचा ठिपका असूच शकत नाही.

उजेड भिंगाइतकाच महत्त्वाचा. समोरून पडणारा पसरट प्रकाश उठाव मारून टाकतो. एकच दिवा नाण्याच्या पातळीला जवळजवळ समांतर धरावा आणि नाणे सावकाश गोल फिरवावे. एखाद्या कोनात अक्षराची सावली अचानक उभी राहते. पाच ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. त्याहून मोठ्या भिंगाखाली ओरखडेच अक्षरांसारखे भासू लागतात. नाणे घासून स्वच्छ करण्याचा मोह मात्र आवरलाच पाहिजे : खोलगट भागात बसलेला काळा मळच अक्षराची बाह्यरेषा दाखवत असतो, आणि तो गेला की उरलासुरला पुरावाही जातो.

चिन्ह न दिसणे याचेही अर्थ अनेक. काही टांकसाळी चिन्ह वापरतच नाहीत. कोलकात्याची बहुतेक नाणी अशीच ओळखली जातात. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या नाण्यांवरही दीर्घकाळ चिन्ह नव्हते. मग खूण झिजून गेली की मुळातच नव्हती? शेजारचे तितक्याच उठावाचे आकडे स्पष्ट असतील, तर फक्त चिन्हच झिजून नाहीसे होणे संभवत नाही. मात्र तिसरी शक्यताही असते : ठशातच, म्हणजे ज्या साच्याने नाण्यावर छाप उमटवतात त्यातच, दोष. १९२२ मध्ये अमेरिकेचे एक सेंटचे नाणे फक्त डेन्व्हरला पडले, तरी त्या वर्षाची काही नाणी ‘डी’ या डेन्व्हरच्या अक्षराविना आढळतात, कारण ठसे झिजलेले किंवा बुजलेले होते.

बनावटगिरी येथेच शिरते. सगळे नाणे झिजलेले आणि चिन्ह तेवढे तीक्ष्ण, असे असेल तर ते चिन्ह नंतर चिकटवलेले असण्याची शंका घ्यावी. अक्षराच्या पायथ्याशी बारीक सांध किंवा रंगाचा फरक दिसतो. उलट, चिन्ह खरवडून काढलेल्या जागी पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा वेगळा चकाकतो. डेन्व्हरचे १९१६ चे दहा सेंटचे नाणे केवळ २,६४,००० पडले, त्यामुळे फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘डी’ जोडण्याचे प्रकार फार झाले. त्या काळी हे अक्षर ठशावर हाताने ठोकत असत. म्हणून प्रत्येक ठशावर त्याची जागा आणि कल किंचित वेगळा येई. या नाण्यासाठी मागील बाजूचे चारच ठसे वापरले गेल्याचे मानले जाते. संशयित ‘डी’ त्यांपैकी एकाशीही जुळला नाही, तर नाणे खोटे.

सर्व उपाय थकल्यावर काही जण रसायनाकडे वळतात. ठशाच्या दाबाखाली धातूची अंतर्गत रचना बदललेली असते. त्यामुळे वरचा उठाव गेला तरी आम्लधर्मी द्रव तेथे आजूबाजूपेक्षा वेगळ्या गतीने कोरतो आणि अक्षर अंधुकपणे परत दिसते. बायसनच्या छापाच्या नाण्यांवरील वर्षे फेरिक क्लोराइडने अशीच उजळवली जातात. पण तेथे कायमचा खरबरीत डाग राहतो आणि नाण्याचे संग्राह्य मूल्य उतरते, म्हणून जे नाणे जपायचे आहे त्यावर हा प्रयोग करू नये.