सिस्टिम मॉडेलिंग (पृथ्वी व पर्यावरण विज्ञान)

हवा, समुद्र, माती, जंगल यांच्यात पाणी, कार्बन, उष्णता कशी फिरते त्याचा हिशोब समीकरणांत मांडायची ही पद्धत. कप्पे (हवा, समुद्र असे वेगळे भाग), त्यातला साठा, आतबाहेर होणारे प्रवाह आणि फीडबॅक (परिणाम फिरून आपल्याच कारणावर होणं), बहुतेक मॉडेल एवढ्यावरच उभं राहतं.

सुरुवात कुणाची यावर एकमत नाही. बरेच जण एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांचं नाव घेतात, पण त्यांचं 'सिस्टिम डायनॅमिक्स' 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धातलं आणि मुळात कारखान्यातला माल नि ऑर्डरी यांच्यासाठी होतं, जगाच्या प्रश्नांपर्यंत ते साधारण 1970 नंतर पोचलं, 1972 चा 'लिमिट्स टू ग्रोथ' अहवाल त्यातलाच. गणितज्ञ आल्फ्रेड लोटका यांच्या 1925 च्या पुस्तकात मात्र कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसच्या चक्रांवर आधीच प्रकरणं आहेत, त्यामुळे मूळ तिकडे शोधणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं. समुद्र आणि हवेतल्या कार्बनची कप्पेवार मॉडेलं 1957-59 च्या सुमारास आली (रेव्हेल-स्यूस, क्रेग, बोलिन-एरिक्सन), ती फॉरेस्टरकडून आलेली दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो निवासकाळावर, म्हणजे एखादा रेणू कप्प्यात सरासरी किती काळ राहतो त्यावर. साठा भागिले प्रवाह, इतकंच ते. हवेत वाफेच्या रूपात अंदाजे 13 हजार घन किमी पाणी असतं आणि वर्षाला साधारण 5 लाख घन किमी पाऊस-बर्फ पडतो, म्हणजे 9-10 दिवस. हाच भागाकार हवेतल्या कार्बनला लावला तर 4 वर्षांच्या आसपास येतात, आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं की जादा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) 4 वर्षांत जाईल, पण तसं नाही, कारण एक रेणू समुद्रात गेला की बदल्यात दुसरा वर येतो, जादा साठा उतरतो तो खोल समुद्राच्या गतीने, आणि त्यातला काही भाग हजारो वर्षं उरतो.

फीडबॅकचं नेहमीचं उदाहरण बर्फाचं: बर्फ वाढला की ऊन जास्त परावर्तित, गारवा वाढतो, अजून बर्फ. हवामानशास्त्रज्ञ बुडिको आणि सेलर्स यांनी 1969 मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं आणि दोघांच्याही मॉडेलात सूर्याची ऊर्जा थोडेच टक्के घटली तरी अख्खी पृथ्वी गोठली. 1983 चं 'डेझीवर्ल्ड' हे काल्पनिक ग्रहाचं मॉडेल याच्या उलट बाजूचं, तिथे काळ्या-पांढऱ्या फुलांमुळे तापमान आपोआप सावरतं.

टाइमस्टेप, म्हणजे मॉडेल एका वेळी जितका काळ पुढे सरकतं ती पायरी, निवासकाळापेक्षा बरीच लहान लागते. साध्या पद्धतीने सोडवताना वाफेच्या कप्प्याला महिन्याची स्टेप दिली की साठा जरा हलला तरी आकडे वरखाली उड्या मारत वाढत जातात आणि शेवटी शून्याखाली पोचतात, एक दिवसाची दिली की तेच मॉडेल नीट चालतं.