वॉशिंग्टनच्या विमान आणि अवकाश संग्रहालयामागचा वैमानिक

मायकेल कॉलिन्स म्हटले की, माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या अपोलो ११ मोहिमेतले 'चंद्रावर न उतरलेले तिसरे', एवढीच ओळख सांगितली जाते. वॉशिंग्टनमधले राष्ट्रीय विमान आणि अवकाश संग्रहालय त्यांच्या कारकिर्दीत उभे राहिले, हे फारसे कोणी बोलत नाही. माझ्या लेखी ते काम चांद्रमोहिमेइतकेच मोठे आहे.

घराणे लष्करी. वडिलांची नेमणूक इटलीत असताना, १९३० साली, त्यांचा जन्म रोममध्ये झाला. १९५२ साली ते वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतून बाहेर पडले तेव्हा सख्खे काका अमेरिकेचे भूदलप्रमुख होते. वशिल्याचा ठपका नको म्हणून त्यांनी हवाई दल निवडले. सेबर लढाऊ विमाने उडवली, एडवर्ड्स तळावर चाचणी वैमानिक झाले. नासाने १९६२ साली नकार दिला आणि पुढच्याच वर्षी निवडले. १९६६ साली जेमिनी १० या अवकाशमोहिमेत ते यानाबाहेरही पडले. १९६८ साली मानेच्या शस्त्रक्रियेमुळे अपोलो ८ मधली जागा गेली, मग १९६९ साली अपोलो ११ मिळाले. दोघे सहकारी चंद्रावर असताना हे एकटेच कोलंबिया यानातून चंद्राभोवती घिरट्या घालत होते. प्रत्येक फेरीत चंद्राआड गेले की सुमारे ४८ मिनिटे पृथ्वीशी संपर्क नसे. त्या वर्षीच्या जगदौऱ्यात हे तिघे मुंबईलाही येऊन गेले.

१९७० साली त्यांनी नासा सोडली. परराष्ट्र खात्यात अल्पकाळ जनसंपर्काचे काम केले आणि १९७१ साली ते संग्रहालयाचे संचालक झाले.

तेव्हा संग्रहालयाला स्वतःची इमारतच नव्हती! १९४६ च्या कायद्याने ते स्थापन झाले, १९६६ साली नावात 'अवकाश' आले, इमारतीला मंजुरीही मिळाली. पण व्हिएतनाम युद्धाच्या खर्चापुढे निधी अडकून पडला. काही वस्तू संग्रहालयाची मातृसंस्था असलेल्या स्मिथसोनियनच्या जुन्या दालनात, काही पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, उरलेल्या शहराबाहेर सिल्व्हर हिलच्या गोदामांत. सिनेटमध्ये बॅरी गोल्डवॉटर यांनी, जे स्वतः हवाई दलाच्या राखीव तुकडीतले वैमानिक होते, निधीचा विषय लावून धरला. कॉलिन्स यांनी हा पाठिंबा वाया जाऊ दिला नाही. नोव्हेंबर १९७२ मध्ये बांधकामाची कुदळ पडली आणि स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या मुहूर्तावर, १ जुलै १९७६ रोजी, दारे उघडली. काम वेळेत झाले, ठरलेल्या खर्चातही बसले. सरकारी बांधकामाचा अनुभव असलेल्या कोणालाही याचे मोल कळेल. यादीतला एकेक मुद्दा तपासल्याशिवाय उड्डाण न करण्याची चाचणी वैमानिकाची शिस्त इथे कामी आली, असे मला वाटते.

उद्घाटनाची फीत कापली ती मंगळाभोवती फिरणाऱ्या व्हायकिंग १ कडून आलेल्या संदेशावर हललेल्या यांत्रिक हाताने. पहिल्याच महिन्यात दहा लाखांच्या आसपास लोक आले. आत राइट बंधूंचे १९०३ चे विमान होते, अटलांटिक एकट्याने न थांबता पार करणाऱ्या लिंडबर्गचे होते आणि कोलंबियाही होते. मोहिमेनंतर कॉलिन्स यांनी त्या यानाच्या आतल्या भिंतीवर स्वतःच्या हाताने काही ओळी लिहिल्या होत्या, यानाला आशीर्वाद देणाऱ्या, खाली सहीसह. त्या अजूनही तिथे आहेत.