सिरी विचर कशी झाली? 'द विचर ४'आधीचा गुंता

डिसेंबर २०२४ मध्ये 'द विचर ४' या व्हिडिओ गेमचा ट्रेलर आला आणि वाद पेटला. मुख्य भूमिकेत आधीच्या तिन्ही भागांचा नायक, राक्षसांची शिकार करणारा विचर गेराल्ट नाही, त्याने मुलीसारखी वाढवलेली सिरी आहे. तीही नुसती तलवार चालवणारी सिरी नव्हे. तिच्यावर ट्रायल ऑफ द ग्रासेस, म्हणजे माणसाला विचर बनवणारा जीवघेणा प्रयोग, झाली आहे, ती पुरती विचर आहे. गेराल्ट गेममध्ये असेल पण नायक नसेल, हे त्याला आवाज देणाऱ्या अभिनेत्याने काही महिने आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे तो धक्का पचला. सिरीचं विचर होणं अनेकांना पचलं नाही. २०१५ साली तिसरा भाग संपवताना ज्यांनी तिला निल्फगार्ड साम्राज्याच्या गादीवर बसवलं होतं, त्यांचा प्रश्न रास्त आहे: आमची सिरी कुठे गेली?

मागच्या भागात खेळाडूने घेतलेल्या निर्णयांचं पुढच्या भागात काय होतं, हा प्रश्न या मालिकेपुरता नाही. १९८२ मध्ये 'विझर्ड्री' या गेमचा दुसरा भाग पहिल्या भागातली पात्रं आणल्याशिवाय खेळताच येत नव्हता. पण त्या काळी पुढे जायची ती पात्रं आणि त्यांची ताकद, निर्णय नव्हेत. निर्णयांचा पेच पुढे आला. १९९६ च्या 'डॅगरफॉल' या गेमला अनेक शेवट होते आणि २००२ मध्ये त्याच मालिकेतला 'मॉरोविंड' आला, तेव्हा काळच मोडला आणि सगळे शेवट एकदम घडले, असं त्या जगाच्या इतिहासातच लिहून टाकलं गेलं. मला हा तोडगा आजही धाडसी वाटतो. 'ड्रॅगन एज' या गेम मालिकेच्या निर्मात्यांनी उलटा मार्ग धरला. २०१४ मध्ये त्यांनी आधीच्या दोन भागांतले निर्णय भरण्यासाठी स्वतंत्र वेबसाइट काढली, आणि २०२४ च्या चौथ्या भागात मात्र मागचे तीनच निर्णय विचारले. पंधरा वर्षं जपलेलं जग तीन प्रश्नांत आटोपलं, याचा राग त्या चाहत्यांमध्ये अजून आहे. 'विचर'बद्दलची धास्ती त्यातूनही आली आहे.

खरं तर 'विचर'ने निर्णय पुढच्या भागात नेण्याचं वचन कधी नीट पाळलंच नाही. तिचं मोठेपण दुसरीकडे आहे. २००७ च्या पहिल्या भागात नदीकाठी राखण करताना स्कोइआटेल हे मानवेतर बंडखोर येतात आणि पेट्या मागतात. दिल्या तर त्या क्षणी काहीच बिघडत नाही. पुढच्या अंकात, कित्येक तासांनी, त्याच पेट्यांतल्या शस्त्रांनी एक माणूस मारला जातो आणि तपासाचा एक धागा तुटतो. तोवर जुनी सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, लोड करण्याची वेळ निघून गेलेली असते. रीलोड करून पश्चात्ताप पुसण्याची सवय या एका युक्तीने मोडली.

२०११ चा दुसरा भाग याहून पुढे गेला. पहिल्या अंकाच्या शेवटी एल्फ बंडखोर आयोर्वेथ की राजाच्या खास दलाचा रोश, कुणाची बाजू घ्यायची हे ठरवायचं, आणि दुसरा अंक जवळजवळ वेगळाच गेम होतो. एकीकडे वेढ्यातलं व्हर्गेन शहर, दुसरीकडे वेढा घालणाऱ्या राजा हेन्सेल्टची छावणी. क्वेस्ट (कामगिऱ्या) वेगळ्या, माणसं वेगळी, त्याच वेढ्याच्या दोन बाजू. एकदाच खेळणाऱ्याला अर्धा अंक दिसणारच नाही हे माहीत असूनही तो पूर्ण बांधला गेला. इतका खर्चिक प्रामाणिकपणा या मालिकेत नंतर दिसला नाही, आणि माझ्या मते तिचा सर्वोच्च बिंदू तोच.

मग तिसऱ्या भागाने काय केलं? विझिमाच्या महालात न्हावी गेराल्टची दाढी करत असतो आणि निल्फगार्डचा सेनापती व्हूरहिस त्याला मागच्या भागाबद्दल प्रश्न विचारतो. उत्तरं द्यायची, झालं. पीसीवर जुनी सेव्ह आणता येत होती, पण तिचं फळ तुटपुंजं. दुसऱ्या भागातला राजांचा मारेकरी लेथो जिवंत ठेवला असेल तर एका साईड क्वेस्टमध्ये भेटतो. मानेवर टॅटू काढून घेतला असेल तर तो दिसतो. ज्याच्यासाठी आख्खा अंक उभा केला होता तो आयोर्वेथ मात्र गायब, व्हर्गेनचं नेतृत्व करणारी सास्कियाही गायब. त्यामुळे 'चौथ्या भागाने परंपरा मोडली' हे म्हणणं टिकत नाही. परंपरा २०१५ मध्येच मोडली होती.

तरीही सिरीचा प्रश्न आयोर्वेथसारखा नाही, आणि इथे चाहत्यांचं दुखणं मला पूर्ण पटतं.

सिरीचा शेवट कुणी यादीतून निवडला नव्हता. गेराल्टचा गुरू व्हेसेमिर गेल्यावर ती खचते, तेव्हा तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळायचं की हातात दारू द्यायची. लॉज या जादूगारणींच्या गुप्त मंडळापुढे तिला एकटीला बोलू द्यायचं की सोबत घुसायचं. तिचा एल्फ गुरू अव्हालाख याची प्रयोगशाळा ती फोडताना आडवं यायचं का. तिला मदत करणाऱ्या स्क्याल्लच्या थडग्यापाशी तिच्यासोबत जायचं का. तिला बापाकडे, सम्राट एम्हीरकडे, नेलं तर त्याचे पैसे घ्यायचे का. असे पाचेक प्रसंग, आणि त्यांचीच बेरीज होतेय हे गेम सांगत नाही. बेरीज उणे गेली तर ती जग गोठवणाऱ्या व्हाइट फ्रॉस्टमध्ये जाते आणि परतत नाही. बेरीज अधिक असेल तर जगते. म्हणजे तो कौल तुम्ही मुलीला कसं वाढवलंत यावरचा होता.

विचर सिरी आणि सम्राज्ञी सिरी यांच्यातला फरक मात्र वेगळ्या जागी आहे, आणि वादात नेमका तोच विसरला जातो. दोन्हींसाठी गेराल्टला तिच्यावर विश्वास टाकावाच लागतो. गादी मिळायची तर तिला एम्हीरकडे नेलेलं असावं लागतं, शिवाय शत्रू राजा राडोविडचा काटा काढून, माजी हेरप्रमुख डायक्स्ट्राला आडवं करून निल्फगार्डला युद्ध जिंकून द्यावं लागतं. तसं झालं नाही तर गेराल्ट सम्राटाला ती मेल्याचं सांगतो आणि व्हाइट ऑर्चर्ड गावात तिच्या हाती चांदीची तलवार ठेवतो. म्हणजे तिला जपलेल्या खेळाडूंचं वागणं चौथ्या भागाने खोटं ठरवलेलं नाही; त्यांचं राजकारण तेवढं बाजूला पडतं. खरी अडचण तिसऱ्या शेवटाची, ज्यात ती परतत नाही. पण तिथेही प्रेत कधी दाखवलेलं नाही. गेराल्ट दलदलीतून एक पदक परत आणतो, बस्स.

ट्रायलचा आक्षेप जास्त गंभीर आहे. मूळ कादंबऱ्यांत सिरी विचरांच्या केअर मॉर्हेन किल्ल्यात तलवार शिकते, पण तिच्यावर हा प्रयोग होत नाही. तो मुलग्यांवर व्हायचा आणि बहुतेक मुलं त्यात मरायची. ती विद्याच लोपली असंही मानलं जायचं, तरी तिसऱ्या भागात जादूगारणी येनेफरने ऊमा नावाच्या विद्रूप जिवाचा शाप काढण्यासाठी तिचाच पहिला टप्पा वापरला होता. तेव्हा 'कृती उरलीच नव्हती' हा युक्तिवाद लंगडा आहे. 'कशासाठी?' हा प्रश्न उरतो. एल्डर ब्लड, म्हणजे जादुई शक्तीचं प्राचीन एल्फ रक्त, असलेल्या मुलीला विचरांचे मांजरासारखे डोळे हवेत कशाला?

मला त्याचं उत्तर तिच्या चरित्रातच दिसतं. लहानपणापासून राजे, एल्फ, जादूगारणी सगळे तिच्या मागे होते ते तिच्या रक्तासाठी, तिच्या पोटी येणाऱ्या वारसासाठी. विचरांना मूल होत नाही. ट्रायल घेतली की सगळ्यांचा तिच्यावरचा दावा एका रात्रीत संपतो. आणि हे कारण सर्वांत जास्त लागू पडतं ते सम्राज्ञी सिरीला, कारण गादीवर बसलेल्या बाईकडे दरबार पहिली मागणी वारसाचीच करतो. लेखकांनी हा धागा उचलला तर गादीवाला शेवट पुसावा लागणार नाही. तोच ट्रायलचं सर्वांत सबळ कारण ठरेल. न उचलता ती सुरुवातीपासून विचरच होती असं दाखवलं, तर ती त्या खेळाडूंची फसवणूक होईल.

बाकीचा तपशील थोडक्यात. मार्च २०२२ मध्ये बर्फातल्या लिंक्स या रानमांजराच्या पदकासह नव्या पर्वाची घोषणा झाली आणि सीडी प्रोजेक्ट रेड हा स्टुडिओ स्वतःचं इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) सोडून अनरियल इंजिन ५ घेत असल्याचंही तेव्हाच सांगितलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये याच स्टुडिओच्या दुसऱ्या एका गेमची सुरुवात वाईट फसली होती, त्यामुळे या बदलाकडे अनेकांनी दिलाशाने पाहिलं. २०२६ संपण्याआधी गेम येणार नाही, हे स्टुडिओने स्पष्ट केलं आहे.

जून २०२५ च्या टेक डेमोमध्ये कोव्हिर हे राज्य दिसलं, आणि ही निवड माझ्या लेखी ट्रेलरपेक्षा बोलकी आहे. कोव्हिर दूर उत्तरेला, श्रीमंत आणि युद्धांत तटस्थ. राडोविड जिंकला, डायक्स्ट्रा जिंकला की एम्हीर, याचा निवाडा न करता तिथे कथा उभी राहू शकते. गेराल्टची दुसरी प्रेयसी, जादूगारणी ट्रिस, हिचं मात्र तसं नाही. नोव्हिग्राड शहरातून निसटलेले जादूगार कोव्हिरलाच गेले होते, आणि ज्यांनी तिचा हात धरला त्यांचा गेराल्ट तिच्यासोबत तिथेच स्थायिक झाला. येनेफर निवडणाऱ्यांचा गेराल्ट त्या राज्यात राहत नाही. सिरी कोव्हिरच्या रस्त्यावर असताना ट्रिसच्या घरी कोण आहे, हे लेखकांना ठरवावंच लागेल किंवा आपल्याला विचारावं लागेल.