इनोसंट मर्मर म्हणजे नेमकं काय?

मागच्या पावसाळ्यात भाच्याला ताप होता म्हणून ताई त्याला गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि येताना फाइलवर दोन शब्द घेऊन आली, इनोसंट मर्मर (मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसोबत ऐकू येणारा जादा आवाज). डॉक्टर म्हणाले होते घाबरू नका, पण हिच्या कानात राहिलं फक्त 'हार्टमध्ये आवाज'. माझा भाऊजी तर म्हणे, हृदय इनोसंट म्हणजे काय, त्याच्यावर केस होती का?

खरं तर त्याचा प्रश्न बरोबर होता. इनोसंट म्हटलं की आपल्याला निर्दोष नाहीतर भोळाभाबडा आठवतो, पण मूळ लॅटिन क्रियापद आहे नोसेरे, म्हणजे इजा करणं, त्याला नकाराचा 'इन' लागला की झालं इजा न करणारा. इनॉक्युअस हा शब्द पण त्यातलाच, तो अजून त्याच अर्थाला धरून आहे, इनोसंट मात्र फिरत फिरत कोर्टात गेला. आपल्या 'निरागस'ची गंमत बघा, त्यात आगस् म्हणजे अपराध, म्हणजे आपला शब्द सुरुवातच गुन्ह्यापासून करतो. त्यामुळे फाइलवरचा मर्मर निरागस नाही, निरुपद्रवी.

आणि हे नोसेरे आपल्याला परकं नाही, भाषातज्ज्ञ त्याचं नातं संस्कृत नश् धातूशी लावतात, ज्यातून आपला नाश आला. (नाशिकमध्ये तो नाश नाही हं, पंचवटीच्या कथेप्रमाणे ती शूर्पणखेची नासिका, आणि इंग्रजी नोज तिचीच लांबची बहीण.)

आता आवाज कशाचा? हृदयातून रक्त वेगाने जाताना थोडं घुसळतं, मुलांची छाती पातळ म्हणून स्टेथोस्कोपला ते ऐकू येतं, झडपा-बिडपा सगळं नीट असतं. तापात हृदय जोरात पळतं म्हणून आवाज वाढतो, ताप उतरला की कमी होतो, गोदेला पाणी वाढलं की रामकुंडावरचा आवाज बदलतो ना, तसंच काहीसं. जॉर्ज स्टिल नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने 1909 मध्ये असाच एक मर्मर नोंदवला, ताणलेली तार छेडल्यासारखा. अर्थात कुठला आवाज इनोसंट आणि कुठला नाही हे डॉक्टरनेच ठरवायचं, कधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पण काढावा लागतो.

नोसेरेचं अजून एक पिल्लू आहे, नोसेबो, 1961 मध्ये वॉल्टर केनेडीने काढलेला शब्द. त्रास होणार असं मनाने घेतलं की खरंच त्रास जाणवायला लागतो, तो प्रकार. इथे भाचा मजेत आणि छातीत धडधड ताईच्या.

हे सगळं तिला सांगितलं तर ती म्हणाली, ते राहू दे, क्रिकेट खेळला तर चालेल का? चालेल, फाइलवर खाली तसं लिहिलेलंच होतं, तिथपर्यंत कोणी वाचलंच नव्हतं.