मधुमेह, प्रकार २

मधुमेह, प्रकार २ : शरीरात इन्सुलिन तयार होत असूनही यकृत, स्नायू आणि मेदपेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, आणि हा वाढता भार पेलण्याइतके इन्सुलिन पुरवणे स्वादुपिंडाला कालांतराने जमेनासे होते, तेव्हा रक्तातील ग्लुकोज कायम चढे राहते. या दीर्घकालीन चयापचय-विकाराला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. मधुमेहाच्या एकूण रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण याच प्रकारात मोडतात. पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींचा नाश करते, त्यामुळे तेथे इन्सुलिन बाहेरून देण्यावाचून गत्यंतर नसते; दुसऱ्या प्रकारात असा थेट हल्ला नसतो, आणि बिघाड वर्षानुवर्षे निमूटपणे वाढत राहतो. हा ‘गोड खाल्ल्याने होणारा आजार’ आहे ही समजूत फार अपुरी आहे. तिच्यामुळे रुग्णाच्या वाट्याला दोष येतो, आणि बारीक अंगाची माणसे स्वतःला सुरक्षित समजून तपासणी टाळतात. नको त्या जागी साठलेली चरबी आणि बीटा पेशींची मर्यादित कुवत, या दोहोंच्या गाठीतून हा आजार होतो. कोणाच्या बाबतीत पहिले कारण प्रबळ असते, कोणाच्या बाबतीत दुसरे.

पूर्वेतिहास : सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे (मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांचे) ‘सहज’ म्हणजे जन्मजात आणि ‘अपथ्यनिमित्तज’ म्हणजे आहारविहारातून उद्भवणारा असे दोन भेद सांगितले असून पहिल्याचा रुग्ण कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो, असे निरीक्षण नोंदवले आहे. टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिन हाती लागले व पुढच्याच वर्षी ते रुग्णाला दिले गेले. इन्सुलिनची उणीव म्हणजे मधुमेह, असे समीकरण त्यानंतर रूढ झाले. परंतु काही रुग्णांत इन्सुलिनचा प्रभावच कमी पडतो, हे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये प्रयोगाने दाखवले. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा प्रौढपणी मधुमेह झालेल्यांच्या रक्तात इन्सुलिन बऱ्याचदा भरपूर असते, हे आकड्यांनी सिद्ध झाले.

शरीरक्रिया : निरोगी प्रौढाच्या संपूर्ण रक्तात कोणत्याही क्षणी जेमतेम चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असते. एवढ्याशा साठ्यावर मेंदू चोवीस तास अवलंबून असल्याने शरीर त्याची पातळी काटेकोर सांभाळते. रात्री पोट रिकामे असताना यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून आणि नव्याने तयार करून ग्लुकोज रक्तात सोडत राहते. जेवण झाले, की आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरके स्रवतात व स्वादुपिंडाला आगाऊ सूचना देतात. बीटा पेशी इन्सुलिन सोडतात आणि ते एकाच वेळी तीन कामे करते : यकृताला ग्लुकोज सोडणे थांबवायला लावते, स्नायूंना ते आत ओढून घ्यायला लावते आणि मेदपेशींतून मेदाम्ले बाहेर पडणे रोखते. ग्लुकागॉन हे उलट दिशेने काम करणारे संप्रेरक जेवणानंतर मागे हटते.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात यातील जवळपास प्रत्येक दुवा कमजोर पडतो. स्नायू ग्लुकोज पुरेसे उचलत नाहीत. मेदपेशींतून मेदाम्ले सुटत राहतात आणि ती यकृतात, स्नायूंत व स्वादुपिंडात जाऊन साठतात. मेद साचलेले यकृत इन्सुलिनचा निरोप मानत नाही आणि ग्लुकोज तयार करतच राहते. ‘रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपलो, तरी सकाळी उपाशीपोटी साखर १६० कशी?’ हा प्रश्न डॉक्टरांना रोज ऐकावा लागतो. ती साखर बहुतांशी रात्रीच्या जेवणातली नसते, ती पहाटेपर्यंत यकृताने स्वतः तयार केलेली असते, आणि म्हणूनच रात्रीचे जेवण पार सोडून दिल्यानेही सकाळचा आकडा अनेकदा हलत नाही. ग्लुकागॉनचा जोर जेवणानंतरही ओसरत नाही. मूत्रपिंडेही एरवीच्या शिस्तीने गाळलेले ग्लुकोज परत रक्तात घेत राहतात. पातळी दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावरच (साखरेचे पुढचे-मागचे आकडे याच मापात आहेत) ते लघवीत उतरू लागते, म्हणून सुरुवातीच्या काळात लघवीची तपासणी निर्दोष येते.

या सगळ्याची भरपाई बीटा पेशी जास्त इन्सुलिन सोडून करतात, आणि ती जमते तोवर साखर वाढत नाही. जेवणाबरोबर लगेच येणारा इन्सुलिनचा पहिला झोत सर्वांत आधी हरवतो, त्यामुळे अनेक भारतीय रुग्णांत उपाशीपोटीची साखर ठीक दिसते आणि जेवणानंतरची चढलेली असते. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासावरून असे दिसले, की निदानाच्या दिवशीच बीटा पेशींची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते. आजार सुरू होणे आणि तो कळणे यांत कित्येक वर्षांचे अंतर पडते, ते यामुळे.

कारणे : आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडील दोघांनाही हा आजार असल्यास अपत्याचा धोका पुष्कळच वाढतो. मात्र यामागे एकच एक जनुक नाही. टीसीएफ७एल२ सारख्या अनेक जनुकांचे लहानलहान प्रभाव एकत्र येतात. बैठे काम, शरीराला लागते त्याहून अधिक खाणे, अपुरी झोप, तंबाखू, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे यांची भर त्यात पडते. पण याच कारणांनी युरोपीय माणसाला पन्नाशी-साठीत आणि बरेच वजन वाढल्यावर होणारा मधुमेह भारतीयाला दहा-एक वर्षे आधी व कमी वजनातच का गाठतो, याचे उत्तर शोधताना पुण्यातील संशोधनाला विशेष महत्त्व आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र व मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा आणि सर्वमान्य कोष्टकानुसार निर्दोष होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी भारतीयांच्या पोटात व यकृतात साठते, आणि त्यामानाने ग्लुकोज खपवणारे स्नायू कमी असतात. म्हणूनच भारतीयांसाठी या निर्देशांकाची जास्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की तो धोक्याचा मानतात.

ही ठेवण जन्मापासूनची असते, हे पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासातून पुढे आले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील इंद्रिये बरीच लहान होती, पण पाठीवरील त्वचेखालच्या चरबीत त्या मानाने फारशी घट नव्हती : दिसायला किरकोळ, पण चरबी राखून असलेली बाळे. शेतात दिवसभर राबणाऱ्या, मोजके खाणाऱ्या त्यांच्या मातांपैकी बहुसंख्य स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने पुरेसा प्रतिसाद न देणे, सर्वाधिक आढळला. मधुमेहाची काही बीजे रुग्णाच्या हातात नसलेल्या काळात, आईच्या पोटात पडतात. रुग्णाला त्याच्या आळसाबद्दल बोल लावणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवे.

अशा शरीरांना पुढे शहरी राहणीमान आणि मुबलक अन्न मिळाले, की आजार झपाट्याने पसरतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रौढांतील देशाची सरासरी ११.४ टक्के असताना गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत जास्त आढळले.

निदान : उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी (तांबड्या पेशींतील ग्लुकोज चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण) ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेहाचे निदान होते. लक्षणे नसल्यास ते दुसऱ्या चाचणीने पक्के करतात. एचबीएवनसी ही ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून ओळखली जाते, कारण तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. याच कारणाने पेशींच्या आयुष्यात फरक पडला, की आकडा फसवतो : लोहाच्या कमतरतेने तो खोटा वाढलेला, तर पेशी लवकर फुटणाऱ्या आजारांत खोटा उतरलेला दिसू शकतो. आपल्याकडे स्त्रियांत रक्तक्षय इतका सर्रास आहे, की केवळ या एका आकड्यावर विसंबणे योग्य नव्हे.

दुष्परिणाम : चढ्या साखरेने दृष्टिपटल, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो, क्षयरोगाची शक्यता दुप्पट-तिप्पट होते. यांतील पायाचा बिघाड सर्वांत दुर्लक्षित आहे आणि तो टाळताही येतो. तळपायाची संवेदना गेलेली व्यक्ती वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालते, घरी आल्यावर मोज्याला किंवा चादरीला पाणी लागलेले दिसते, आणि तेव्हा कुठे तळव्याला फोड आल्याचे कळते. त्यातून जखम चिघळते व बोट किंवा पाय कापण्यापर्यंत वेळ येते. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून ‘कळतंय का?’ एवढे विचारले, तरी धोका आधी ओळखता येतो. या तपासणीला दोन-तीन मिनिटे पुरतात, पण गर्दीच्या दवाखान्यांत पायातले बूटसुद्धा काढायला सांगितले जात नाहीत.

उपचार : शरीरक्रियेतील बिघाड जेथे आहे, तेथेच प्रत्येक उपचार काम करतो. यकृतातील चरबी उतरली, की यकृत पुन्हा इन्सुलिनला जुमानू लागते. ब्रिटनमधील डायरेक्ट या चाचणीत रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींचाच आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आली, आणि १५ किलो किंवा अधिक वजन घटलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. ते रुग्ण मात्र स्थूल आणि निदान होऊन सहा वर्षांच्या आतले होते. याला आजार बरा होणे म्हणण्यापेक्षा आजाराची माघार म्हणणे रास्त, कारण वजन परत आले की साखरही परतते. ‘मधुमेह कायमचा घालवा’ अशा जाहिरातींवर विसंबून कोणी इन्सुलिन एकाएकी बंद करू नये. पहिल्या प्रकारच्या रुग्णाच्या ते जिवावर बेतते.

नेहमीच्या मराठी जेवणात पिष्टाचा वाटा फार मोठा असतो : सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात, रात्री पुन्हा भाकरी किंवा भात. पांढऱ्या तांदळापेक्षा ज्वारीची भाकरी बरी, पण तीन भाकऱ्या त्या तीनच राहतात. ताटातले धान्य कमी करून उसळ, डाळ, ताक, अंडी, मासे आणि भाज्या वाढवणे हा बदल टिकतो. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास स्नायू ग्लुकोज उचलतात, आणि त्यासाठी त्यांना तितकेसे इन्सुलिन लागत नाही. स्नायूच कमी असलेल्या भारतीय शरीराला चालण्याच्या जोडीने वजने उचलण्याचा व्यायामही हवा, पण हा सल्ला फारच थोड्यांना दिला जातो.

औषधांत मेटफॉर्मिन १९५७ पासून वापरात असून ते मुख्यतः यकृताला आवरते, स्वस्त आहे आणि एकट्याने साखर धोकादायक पातळीवर उतरवत नाही. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ घटते, आणि शाकाहारी रुग्णांत ती घट अधिक जाणवते. पायाला मुंग्या आल्या, की मधुमेहाच्या माथी मारण्याआधी ब-१२ तपासावे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी सल्फोनिलयुरिया गटातील औषधे बीटा पेशींकडून इन्सुलिन सोडवून घेतात, म्हणून एकादशीला गोळी घेतली आणि जेवण चुकले, तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. डॅपाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रपिंडाला ग्लुकोज परत घेऊ देत नाहीत. हृदय निकामी होणे आणि मूत्रपिंडाचा ऱ्हास यांपासूनही ती संरक्षण देतात, हे २०१५ नंतरच्या मोठ्या चाचण्यांतून दिसले. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शने आतड्यातील संप्रेरकांची नक्कल करून भूक व वजन घटवतात. त्यांच्याबरोबर स्नायूही झडतात आणि औषध थांबवल्यावर वजन बहुधा परत येते, हे भारतीय रुग्णाला आधी सांगायला हवे.

बीटा पेशी फारच थकल्या, की इन्सुलिन द्यावे लागते. ‘आता शेवटची पायरी’ या भीतीने रुग्ण ते वर्षानुवर्षे लांबवतात आणि तेवढ्या काळात डोळे व मूत्रपिंडे गमावतात. यूकेपीडीएसच्या रुग्णांचा पुढे दहा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा सुरुवातीच्या काळात साखर नीट राखलेल्यांना नंतरही हृदयविकार व मृत्यू यांचे प्रमाण कमी राहिल्याचे आढळले.

प्रतिबंध : मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या, म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असलेल्या व्यक्तींना आजार लांबवता येतो. अमेरिकेतील २००२ च्या चाचणीत राहणीतील बदलांनी नव्या रुग्णांचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. भारतात झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही घट २८.५ टक्के होती. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीची साखर बाळंतपणानंतर बहुधा पूर्ववत होते आणि तपासणी तेथेच थांबते. तिला पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या कितीतरी पट असतो, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन चाचणी आणि त्यानंतर नियमित रक्ततपासणी आवश्यक असते.