डी-सब अडॅप्टरचे इतके प्रकार का झाले?

जुना संगणक, कारखान्यातले यंत्र किंवा प्रयोगशाळेतले उपकरण यांच्या मागच्या बाजूला डी-सब नावाचा एक पत्र्याचा कनेक्टर हमखास दिसतो. एक बाजू लांब, एक आखूड, आत पिनांच्या रांगा. त्याला जोडायचा अडॅप्टर शोधायला गेले की ९ चा २५ करणारा, मेलचा (पिनांचा) फीमेल (भोकांचा) करणारा, सरळ, क्रॉस, यूएसबीचा असे प्रकार समोर येतात. कनेक्टर एका कंपनीने काढला. त्यातून कोणते संकेत जायचे हे मात्र ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवले. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कॅनन या अमेरिकी कंपनीने हा कनेक्टर १९५२ मध्ये आणला. त्या वेळच्या इतर कनेक्टरांपुढे तो खरोखरच लहान होता, म्हणून नाव 'डी-सबमिनिएचर'. पत्र्याच्या डी-आकारामुळे तो उलटा बसत नाही आणि बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून थोडा आडोसाही मिळतो. कॅननने कवचाच्या मापाला अक्षर दिले: डीए म्हणजे १५ पिनांचे कवच, डीबी २५ चे, डीसी ३७ चे, डीडी ५० चे आणि डीई ९ चे. म्हणजे ९ पिनांचा तो डीई-९. पण २५ पिनांचा डीबी इतका अंगवळणी पडला होता की ९ वाल्यालाही लोक डीबी-९ म्हणू लागले, आणि विक्रेत्यांच्या याद्यांत आजही बहुधा तेच नाव असते. मागणी नोंदवताना दोन्ही नावांनी शोधावे, हे बरे.

१९६० मध्ये आरएस-२३२ हे सिरियल जोडणीचे, म्हणजे डेटा एकामागून एक बिट असा पाठवण्याचे मानक आले. त्यात संकेतांची यादी भलीमोठी होती, म्हणून २५ पिनांचा कनेक्टर रूढ झाला. टर्मिनल (कीबोर्ड-पडद्याचे उपकरण) किंवा संगणकाकडे मेल, मोडेमकडे (फोनच्या तारेवरून डेटा पाठवणारे उपकरण) फीमेल असा रिवाज पडला. मग १९८१ साली आयबीएम पीसी आला आणि त्याने सिरियलसाठी २५ पिनांचा मेल ठेवला, तर प्रिंटरच्या पॅरलल (एकाच वेळी अनेक बिट पाठवणाऱ्या) पोर्टसाठी २५ पिनांचाच फीमेल घेतला. प्रिंटरच्या बाजूला ३६ पिनांचा सेंट्रॉनिक्स कनेक्टर होता. आयबीएमने आपल्या बाजूला पिना कमी करून डी-सब वापरला.

याचा परिणाम नीट पाहण्यासारखा आहे. एकाच कवचाचे दोन पोर्ट. एकात उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकणारे सिरियल संकेत, दुसऱ्यात ५ व्होल्टचे तर्कसंकेत. दोन्ही ओळखायची खूण एकच, मेल की फीमेल. आणि जेंडर चेंजर नावाचा अडॅप्टर नेमकी तीच खूण पुसतो! त्यात भर म्हणून १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसने स्कझीसाठीही (डिस्कसारखी उपकरणे जोडण्याचे मानक) २५ पिनांचा फीमेलच वापरला. त्यामुळे जेंडर चेंजर हाती घेताना 'बसेल का?' हा प्रश्न दुय्यम आहे. पलीकडे कोणते संकेत आहेत, हे आधी कळायला हवे.

जेंडर चेंजरची एक गंमत सहसा लक्षात येत नाही. दोन मेल कनेक्टर पाठीला पाठ लावून समोरासमोरच्या पिना सरळ जोडल्या, तर ९ पिनांच्या जोडणीत १ ची गाठ ५ शी पडते आणि ६ ची ९ शी. म्हणून चांगल्या जेंडर चेंजरच्या आत तारा आडव्या फिरवून १ ला १ शी जोडावे लागते. एका बाजूला मेल आणि दुसऱ्या बाजूला फीमेल असलेल्या तुकड्यात ही अडचण येत नाही, तिथे पिना सरळ आरपार जातात.

१९८४ च्या पीसी-एटीच्या कार्डावर सिरियल आणि पॅरलल हे दोन्ही पोर्ट एकाच पट्टीवर होते. पॅरललने २५ पिनांची जागा घेतली आणि सिरियल ९ पिनांवर आला. पीसीच्या सिरियल कामाला तेवढ्या पुरतही होत्या. बाजारातले मोडेम मात्र २५ चेच होते, आणि ९ ते २५ अडॅप्टरची गरज तिथून पडली. आकडे जुळवताना इथे फसगत होते. ९ पिनांत २ वर येणारा डेटा आणि ३ वर जाणारा; २५ पिनांत नेमके उलटे, २ वर जाणारा आणि ३ वर येणारा. ग्राउंड ९ मध्ये ५ वर, २५ मध्ये ७ वर. त्यामुळे मल्टिमीटरने तपासल्यावर अशा अडॅप्टरमध्ये २ चा संबंध ३ शी आढळतो आणि हा क्रॉस आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो सरळच असतो. खरा क्रॉस, म्हणजे नल मोडेम, दोन संगणक थेट जोडताना लागतो आणि त्यात ९ ते ९ असतानाही २ आणि ३ ची अदलाबदल असते.

१९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांसोबत व्हीजीए ही मॉनिटरची जोडणी आली. कवच डीई-९ चेच, पण आत तीन रांगांत १५ पिना. त्याआधीच्या सीजीए-ईजीए मॉनिटरचे ९ पिनांचे पोर्ट डिजिटल संकेत देत, व्हीजीए अ‍ॅनालॉग. नुसत्या तारांचा ९ ते १५ अडॅप्टर ते अंतर मिटवू शकत नाही. यूएसबी ते सिरियल तुकडाही दिसायला अडॅप्टर असला, तरी आत चिप असते आणि तिला ड्रायव्हर लागतो.

कारखान्यांत डीई-९ अजून ठणठणीत आहे. यंत्रे एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्यांपैकी प्रोफिबसमध्ये डेटा ३ आणि ८ वर, कॅनमध्ये (CAN) २ आणि ७ वर. तिथे घरातला सिरियल अडॅप्टर लावून काम होत नाही. स्क्रूही बघून घ्यावेत: बहुतेक ठिकाणी ४-४० मापाचे असतात, काही उपकरणांत एम३, दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण आटे वेगळे असल्यामुळे जोर लावला की झिजतात.

आरएस-२३२ चे ९ पिनांचे पोर्ट असतील, तर सरळ की क्रॉस हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. उपकरण चालू करून, केबल न लावता, ५ (ग्राउंड) च्या तुलनेत ३ वरचे व्होल्टेज मोजावे, मग २ वरचे. ज्या पिनेवर उणे व्होल्टेज मिळेल तिथून ते उपकरण बोलते. दोन्ही उपकरणे ३ वरून बोलत असतील तर नल मोडेम घ्यावा. एक ३ वरून आणि दुसरे २ वरून बोलत असेल तर सरळ जोडणी पुरते.